वाऱ्याची परवानगी

'आलमगीर' हा शब्द मराठी माणसाच्या शाळेपासूनच्या ओळखीचा. आलम म्हणजे जग आणि गीर म्हणजे धरणारा. औरंगजेबाने ही पदवी मोठ्या हौसेने लावून घेतली आणि तिला जागण्यासाठी आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे आपल्या दक्खनेत घालवली. पुढे काय झाले ते वाचकांना सांगायला नको. याच 'गीर'चा एक गरीब भाऊ इराणात राहतो. त्याचे नाव बादगीर. बाद म्हणजे वारा, तेव्हा बादगीर म्हणजे वारा धरणारा. आमच्या मते थोरल्यापेक्षा हा धाकटाच अधिक यशस्वी ठरला.

दिवाळी अंकात आमच्या या सदराला जागा जरा ऐसपैस मिळते. म्हणून यंदा वाचकांना या बादगिरांच्या गावी न्यावे असा बेत आहे. गावाचे नाव यज्द.

इराणच्या नकाशावर मधोमध बोट ठेवले की ते यज्दच्या आसपासच पडते. उत्तरेला मिठाचे वाळवंट दश्त-ए-कवीर, पूर्वेला दश्त-ए-लूत, आणि नैऋत्येला शीरकूह नावाचा चार हजार मीटरांहून उंच डोंगर. पाऊस वर्षाकाठी सरासरी सहा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अडीच इंच. तेवढा आपल्या मुंबईत जुलैतल्या एखाद्या सकाळी दूधवाला येऊन जाईपर्यंत पडतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. असे गाव मुळात वसलेच कशाला, असा प्रश्न पडावा. पण व्यापाऱ्यांचे तांडे ज्या वाटेने जात त्या वाटेवर ते होते, आणि तिथल्या विणकरांच्या हातात जादू होती. मार्को पोलो १२७२ साली यज्दवरून गेला. तिथल्या रेशमी कापडाला गावाच्याच नावाने ओळखतात आणि व्यापारी ते दूरवर नेतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. साऱ्या इराणची राजधानी होण्याचा मान यज्दला कधी मिळाला नाही. दरबार नाही म्हणून कारस्थाने कमी, आणि वाट वाळवंटाची म्हणून लुटारूही कमी. त्यामुळे जुने पुष्कळ टिकले. २०१७ साली युनेस्कोने या जुन्या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

यज्द उंचावरून पाहिले तर सगळे एकाच रंगाचे दिसते. माती आणि कापलेला पेंढा कालवून केलेला गिलावा घरांना, भिंतींना, घुमटांना, सगळ्यांना सारखाच. त्या मातकट रंगातून दोनच गोष्टी डोके वर काढतात, मशिदींचे निळे काम आणि बादगीर.

निळ्या कामापुरते आधी बोलून घेऊ, कारण प्रवासवर्णनांत त्याचेच कौतुक जास्त होते. चौदाव्या शतकातली जामे मशीद आणि तिच्या दरवाजावरचे जोडमिनार फार उंच आहेत, जवळजवळ पन्नास मीटर. दरवाजाच मुळी अरुंद आणि उभा. त्यामुळे खाली उभे राहून वर पाहणाऱ्याची टोपी पडावी अशी योजना. पंधराव्या शतकात तैमूरच्या वंशजांच्या अमलात अमीर चखमाक हा इथला सुभेदार होता. त्याच्या नावाचा चौक आहे. चौकात मोहरमचा एक अजस्र लाकडी 'नख्ल' ठेवलेला आहे. नख्ल म्हणजे पानाच्या आकाराचा प्रतीकरूप जनाजा. आपल्याकडच्या ताबुतांची आठवण व्हावी असाच प्रकार, फक्त उचलायला शेकडो खांदे लागतात.

आता बादगीर. कच्च्या विटांचा चौकोनी नाहीतर अष्टकोनी मनोरा, माथ्याशी चारी बाजूंना उभ्या लांब फटी, आणि आत पातळ भिंती घालून पाडलेले कप्पे. वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूच्या कप्प्यातून तो खाली खोलीत उतरतो. खोलीतली कोंदलेली हवा पाठच्या कप्प्यातून वर ओढली जाते. वारा अगदीच पडला तरी मनोरा रिकामा बसत नाही. उन्हाने तो तापला की आतली गरम हवा वर चढते आणि तिच्या जागी चौकातली, तळघरातली गार हवा खोलीत येते. म्हणजे वारा असो वा नसो, हवा हलती राहते. मनोऱ्याच्या बरोबर खाली बहुधा पाण्याचा हौज असतो. हा हौज म्हणजेच आपला हौद. त्यावरून येणारी झुळूक आणखी थंड होते. मनोऱ्याच्या अंगातून लाकडी वासे बाहेर डोकावत असतात. नवख्याला वाटते, गवंडी काम अर्धे टाकून जेवायला गेले. पण ते वासे भिंतींना आतून बांधून धरतात आणि डागडुजीच्या वेळी परांचीचे काम देतात.

सगळ्यात उंच बादगीर दौलताबाद बागेतला. अठराव्या शतकाच्या मध्याला महंमद तकी खान नावाच्या इथल्या सुभेदाराने ती बाग केली. तिथला अष्टकोनी बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे, म्हणजे दहा मजली इमारतीएवढा. एका दिवाणखान्याला गार करण्यासाठी दहा मजले! श्रीमंतीचे प्रदर्शन करायचे तर ते सोन्यात न करता झुळकीत करावे, ही कल्पना मात्र आम्हांला आवडली. साध्या लोकांचीही सोय होती. पाण्याच्या सार्वजनिक टाक्यांवर बादगीर बसवीत. एका टाकीवर तर सहा आहेत आणि ती त्याच नावाने ओळखली जाते. तिथले पाणी जो येईल त्याला गार मिळे.

यज्दच्या जुन्या घरात उन्हाळ्यात घरातल्या घरातच बिऱ्हाड हलते. एका अंगाच्या खोल्या उन्हाळ्याच्या, समोरच्या अंगाच्या हिवाळ्याच्या. दुपारी तळघर, रात्री गच्ची. बाहेरच्या दारावर कड्याही दोन. पुरुष पाहुण्याने जाड दांडी वाजवायची, बाईने हलकी गोल कडी. आवाजावरून कोण आले ते आत कळते आणि दार कोणी उघडायचे ते ठरते. आपल्याकडे दाराआडून "कोण आहे?" म्हणून ओरडावे लागते. त्यापेक्षा ही तऱ्हा पुष्कळ सभ्य.

पण नुसता वारा धरून गाव जगत नाही, पाणी लागते. ते येते कनातीतून. कनात म्हटले की आपल्याला तंबूची कापडी भिंत आठवते, ती ही नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखालच्या पाण्यापर्यंत एक खोल विहीर खणायची आणि तिथून गावापर्यंत जमिनीच्या पोटातून बोगदा काढायचा. त्याला उतार असा द्यायचा की पाणी आपोआप वाहावे, पण बोगद्याची माती खरवडली जाऊ नये. वाटेत ठिकठिकाणी उभी भोके पाडायची, माती वर काढायला आणि आतल्या माणसाला हवा मिळायला. यज्दची झार्चची कनात सत्तर किलोमीटरांहून लांब आहे. मुंबईहून निघून खोपोलीपर्यंत जमिनीखालून चालत जावे, तसे काहीसे. अकरा इराणी कनातींना २०१६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत ही एक. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी जमिनीखालून आणलेली नहर याच कुळातली.

हे बोगदे खणणाऱ्याला मुकन्नी म्हणतात. यज्दच्या मुकन्नींना साऱ्या इराणात मागणी असे. जेमतेम माणूस मावेल एवढ्या भोकात बसून कुदळ मारायची. शेजारी दिवा ठेवायचा. दिवा मंदावला की हवा संपत आली असे समजून वर यायचे. यायला जमले नाही तर प्रश्नच मिटला. ही माणसे पांढरे कपडे घालून खाली उतरत. अंधारात दिसावे म्हणून, हे एक कारण. दुसरे कारण असे सांगतात की वरून माती कोसळलीच तर तेच कफन व्हावे. कनातीला ते आपसात 'खुनी' म्हणत. यज्दच्या बागा, डाळिंबे आणि दौलताबादचा तो दहा मजली थंडावा, सगळ्याच्या तळाशी हा पांढऱ्या कपड्यांतला माणूस होता, हे ध्यानात ठेवलेले बरे.

पाणी वाटायचे ते वेळेवर. त्यासाठी बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात सोडीत. वाटी भरून बुडाली की एक पाळी संपली. वाचकांपैकी ज्यांनी जुन्या पद्धतीची लग्ने पाहिली आहेत त्यांना हे घटिकापात्र वेगळे समजावून सांगायला नको. आपण त्यावर अंतरपाट दूर करीत असू, यज्दचे लोक त्यावर शेताचा पाट फोडीत.

इथपर्यंतची यज्दची गोष्ट कोणत्याही चांगल्या प्रवासी पुस्तकात मिळते. आम्ही हा विषय घेतला तो पुढच्यासाठी.

सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले आणि हळूहळू देश मुसलमान झाला. ज्यांनी जरथुष्ट्राचा धर्म सोडला नाही त्यांतले काही समुद्रमार्गे गुजरातेत आले. तेच आपले पारशी. मागे राहिलेले आक्रसत आक्रसत यज्द आणि केरमान या दोन वाळवंटी मुलखांत येऊन ठेपले. यज्दमध्ये ते विणकाम करीत, बागा राखीत, शेती करीत. आणि जिझिया भरीत.

त्यांनी कसे राहावे याचे नियम होते. १९०० च्या आसपास नेपियर मॅल्कम नावाचा एक इंग्रज पाद्री पाच वर्षे यज्दला राहिला आणि १९०५ साली त्याने त्या गावावर पुस्तक लिहिले. पाद्र्यांची पुस्तके सांभाळून वाचावीत हे खरे. दुसऱ्याच्या धर्माचे दोष टिपताना त्यांच्या लेखणीला भलताच जोर चढतो. परंतु हा गृहस्थ साली देऊन बोलतो, आणि इतर प्रवाशांची साक्षही त्याच दिशेची आहे. १८६० पर्यंत जरथुष्ट्र्यांना व्यापाराची बंदी. ते तळघरात माल लपवून गुपचूप विकीत. १८८५ पर्यंत बोटात अंगठी नाही. १८९१ पर्यंत गावात घोड्यागाढवावर बसायचे नाही, पायीच चालायचे. १८९५ पर्यंत छत्री नाही आणि चष्माही नाही. डोळे अधू झाले तर झाले. कपड्यांचे रंग ठरलेले, करडा, तपकिरी आणि पिवळा. घर इतके ठेंगणे की रस्त्यावरच्या मुसलमानाने हात वर केला की छपराला लागावा. रस्त्याच्या पातळीखाली मात्र हवे तेवढे खणून घ्या. दाराला एकच फळी. आणि घरावर बादगीर बांधायचा नाही.

वाचताना आम्ही इथेच थबकलो. छत्री, अंगठी, घोडा या मानाच्या खुणा. जगभर माणसाने त्या दुसऱ्याला नाकारल्या आहेत. पण वारा? छपरांवरून वाहून पलीकडच्या वाळवंटात जाणारा, कोणाच्याही मालकीचा नसलेला वारा? तो एकाच्या घरात उतरू द्यायचा आणि शेजारच्याच्या घरात उतरू द्यायचा नाही, असा कायदा माणसाला सुचतो कसा? लगेच असेही वाटले, की नवल करण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही. सार्वजनिक तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी महाडला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला होता.

यज्दच्या या माणसांची हाक मुंबईला ऐकू आली. इराणातल्या धर्मबांधवांची स्थिती सुधारण्यासाठी मुंबईच्या पारशांनी एक मंडळ काढले आणि १८५४ साली माणेकजी लिमजी हतारिया यांना तिकडे पाठवले. माणेकजी मूळचे सुरतेकडचे. वय चाळिशीचे. तिथे पोचल्यावर त्यांनी आधी माणसे मोजली. यज्द आणि भोवतालच्या गावांत साडेसहा हजारांच्या वर जरथुष्ट्री भरले. एवढ्यांसाठी त्यांनी उरलेले आयुष्य दिले. पडकी अग्निमंदिरे दुरुस्त केली, शाळा काढल्या, तेहरानच्या दरबारी खेटे घातले. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, अठ्ठावीस वर्षे! १८८२ साली नासिरुद्दीन शहाने फर्मान काढून जिझिया रद्द केला. माणेकजी १८९० साली तेहरानलाच वारले. मुंबईच्या रस्त्यांवर इतक्या शेटजींचे पुतळे आहेत, पण या माणसाचे नाव आपल्या पोरांना ठाऊक नाही.

फर्मान निघाले म्हणून गल्लीतला रिवाज बदलत नाही. यज्द तेहरानपासून लांब होते आणि गल्लीत राज्य गल्लीचेच होते. वर दिलेल्या सालांतली बरीचशी १८८२ च्या नंतरची आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. एकेक बंदी एकेका वर्षी, दात काढावा तशी निघाली. बादगिराची सगळ्यात चिवट. मॅल्कम यज्दला असतानासुद्धा ती होतीच. अखेर १९०० साली एका मोठ्या जरथुष्ट्री व्यापाऱ्याने सुभेदाराला आणि गावच्या मुख्य धर्मगुरूला मोठी भेट दिली आणि आपल्या घरावर एक बादगीर बांधण्याची परवानगी मिळवली. एक! त्याचे पाहून बाकीच्यांनाही धीर आला.

त्या भेटीला लाच म्हणावे की दंड, आम्हांला ठरवता आले नाही. मात्र त्या वर्षी उन्हाळ्यातल्या पहिल्या दुपारी त्या घरातली म्हातारी माणसे कुठे बसली असतील, ते डोळ्यांपुढे येते.

पुष्कळांना तेवढा धीर धरवला नाही. १८७१-७२ चा भयंकर दुष्काळ आणि वर ही रोजची मानहानी. त्या शतकाच्या उत्तरार्धापासून यज्द आणि केरमानच्या खेड्यांतून माणसे मुंबईकडे निघाली. आपल्या लोकांनी त्यांना आधीच्या पारशांपासून वेगळे ओळखावे म्हणून 'इराणी' म्हटले. यज्दजवळच्या खुर्रमशाह गावचे शेरियार इराणी असेच भटकत आले आणि पुण्यात स्थिरावले. त्यांचा १८९४ साली पुण्यात जन्मलेला मुलगा पुढे मेहेरबाबा म्हणून जगाला माहीत झाला. बाकीच्यांनी चहा, ब्रून-मस्का आणि संगमरवरी टेबले मांडली. मुंबईतले कयानी १९०४ चे. इराण्याच्या हॉटेलाची जागा बहुधा कोपऱ्यावरची. दोन्ही रस्त्यांना दारे सताड उघडी, छत उंच आणि वर पंखे. एका कपावर तासभर बसा, कोणी उठवीत नसे, आणि शेजारच्या टेबलावर कोण आहे हे कोणी विचारीत नसे. वाचकांपैकी किती जणांच्या नोकऱ्या, सोयरिकी आणि नाटक मंडळ्या त्या पंख्याखाली ठरल्या असतील! तो पंखा लावणाऱ्याच्या बापाला त्याच्या गावी घरात वारा घेण्याची मुभा नव्हती, हे चहा पिताना कोणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही.

मुंबईचा पैसा पुढेही यज्दला जात राहिला. १९३४ साली इथल्या पारशांच्या देणग्यांतून तिथे आतश-बेहरामाची नवी इमारत उभी राहिली. पुढे गोल हौद, कपाळावर पंख पसरलेला फरवहर. आतला अग्नी सन ४७० पासून विझलेला नाही असे सांगतात. ठिकाणे मात्र त्याने अनेक बदलली. आता कोणत्याही धर्माचा पाहुणा तो काचेतून पाहू शकतो. गावाबाहेरच्या टेकड्यांवरचे दोन दोखमे १९७० च्या दशकापासून वापरात नाहीत. खालच्या सपाटीवर दफनभूमी झाली आहे.

आणि बादगीर? ते छपराछपरांवर आहेत. त्यांतला जरथुष्ट्र्याचा कोणता आणि मुसलमानाचा कोणता, हे गल्लीतून मान वर करून ओळखता येत नाही. बऱ्याच ठिकाणी खालच्या खोलीचे काम आता विजेचा कूलर करतो. खोल विहिरींवर पंप बसले तसे जमिनीतले पाणी खाली गेले आणि कितीतरी कनाती आटल्या. गाव वाढून पाच लाखांच्या पुढे गेले. आज यज्दच्या नळाला येणारे पाणी मोठ्या प्रमाणावर इस्फहानकडच्या झायंदेरूद नदीचे आहे. ते शेकडो किलोमीटर लांबीच्या नळातून येते. ती नदीच आता वर्षातले अनेक महिने कोरडी असते. इस्फहानच्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, आमची शेते करपत असताना आमचे पाणी यज्दला का? त्यांनी तो नळ एकदा नव्हे, अनेकदा फोडला आहे. २०२५ च्या वसंतात त्यावरचे पंप पेटवून दिले गेले, तेव्हा यज्दमध्ये कित्येक दिवस पाण्याचे हाल झाले, आणि लोक पुन्हा भांडी घेऊन रांगेत उभे राहिले.